अनुभव किती जणांचा? प्रौढ विद्यार्थी आणि सामाजिक शास्त्रे

सामाजिक शास्त्रे शिकू पाहणारा प्रौढ विद्यार्थी वर्गात येतो तेव्हा त्या शास्त्रांच्या अभ्यासविषयाशी त्याची ओळख जुनी असते. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला पेशी पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो आणि तो हाती येईपर्यंत पेशी त्याच्या अनुभवाबाहेरच राहते; परंतु कुटुंब, विवाह, जात, मजुरी, कर्ज, पंचायत ही ज्या शास्त्रांची प्रकरणे आहेत त्यांच्याकडे चाळिशीत वळणारी व्यक्ती या प्रकरणांच्या आत निम्मे आयुष्य काढून आलेली असते. अठरा वर्षांचा विद्यार्थीही कुटुंबात आणि जातीत वाढलेला असतो हे खरे, मात्र त्याने या संस्था अनुभवलेल्या असतात, चालवलेल्या नसतात. ज्या स्त्रीने मुलीसाठी स्थळे पाहिली, वाटणीच्या वेळी दिराशी वाद घातला, बचत गटाची वही सांभाळली आणि ग्रामसभेत हात वर केला, ती विवाहसंस्था, मालमत्ता, पतव्यवहार आणि स्थानिक स्वराज्य या चारही विषयांत कर्ती म्हणून वावरलेली असते.

अशा व्यक्तीला या शास्त्रांपासून नेमके काय मिळते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. अनुभव हाच खरा गुरू, असे प्रौढ शिक्षणाच्या समारंभांत वारंवार सांगितले जाते आणि विद्यार्थ्यांचा मान राखण्यापुरते ते ठीकही आहे. पण अनुभव काय घडले एवढेच सांगतो, ते आणखी किती जणांच्या बाबतीत घडले, कधीपासून घडू लागले आणि कोणत्या परिस्थितीत घडत नाही, हे तो सांगत नाही. अनुभवाची ही व्याप्ती शोधण्याची रीत म्हणजेच सामाजिक शास्त्रांची पद्धती, आणि प्रौढ विद्यार्थ्याचे सगळे यशापयश त्या रीतीशी त्याचा व्यवहार कसा होतो यावर ठरते. पुढील विवेचनाला आधार आहे तो महाराष्ट्रातील मुक्त शिक्षणाच्या अभ्यासकेंद्रांवर रविवारी आणि सुटीच्या दिवशी घेतल्या जाणाऱ्या संपर्क सत्रांत, म्हणजे स्वतः वाचलेल्या पुस्तकातील शंका शिक्षकासमोर मांडण्यासाठी भरणाऱ्या वर्गांत, प्रस्तुत लेखकाने केलेल्या अध्यापनाचा.

दिवसा काम करणाऱ्यांना शिकवण्याची महाराष्ट्रातील परंपरा मुक्त विद्यापीठाहून पुष्कळ जुनी आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा तेथील वर्ग सकाळी भरत, जेणेकरून विद्यार्थ्याला नोकरी सांभाळून शिकता यावे, आणि गिरणगावातील रात्रशाळांनी कितीतरी कामगारांना शालान्त परीक्षेपर्यंत नेले. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या आणि नाशिकजवळ मुख्यालय असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने या परंपरेला पदवीपर्यंतची वाट करून दिली. पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या काळातच, शालेय प्रमाणपत्र अपुरे राहिलेल्यांनाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम पूर्ण करून पदवीकडे जाता यावे, अध्ययनसाहित्य मराठीत आणि घरी बसून वाचता येईल असे असावे, ही दिशा ठरली. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे या विद्यापीठाचे ब्रीदवाक्य. प्रत्यक्षात ती गंगा तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या महाविद्यालयाच्या रिकाम्या खोलीपर्यंत येते आणि तिथून घरापर्यंतचे अंतर विद्यार्थ्याने एसटीने कापायचे असते.

त्या खोलीतला वर्ग वयाने, व्यवसायाने आणि येण्याच्या कारणाने मुळीच एकजिनसी नसतो. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, पोलीस शिपाई, एसटीचा वाहक, पतसंस्थेतील कारकून, सैन्यातून निवृत्त झालेला जवान, मुले दहावी-बारावीला गेल्यावर स्वतःची राहिलेली पदवी आठवलेली गृहिणी, आणि एखादी माजी सरपंच, असे लोक एकाच बाकावर येतात. त्यांनी समाजशास्त्र, राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र हा विषय ज्ञानाच्या ओढीने निवडलेला असतो असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. प्रयोगशाळा लागत नाही, गणित टळते, मराठीत पुस्तके मिळतात आणि पदोन्नतीच्या अर्जावर ‘पदवीधर’ असे लिहिता येते, ही कारणे बहुतेकजण मोकळेपणाने सांगतात. त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. विषयाची ओढ नंतर, बहुधा एखाद्या संकल्पनेने घरातल्या जुन्या गोष्टीला अनपेक्षितपणे हात घातला म्हणजे, लागते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये मांडलेली ‘समाजशास्त्रीय कल्पकता’ ही अशा संकल्पनांपैकी पहिली. व्यक्तीच्या जीवनातील खासगी अडचण आणि समाजाच्या रचनेतून निर्माण होणारा सार्वजनिक प्रश्न यांतील भेद ओळखणे, आणि पहिलीचा दुसऱ्याशी असलेला संबंध शोधणे, असा तिचा थोडक्यात आशय आहे: लाखभर वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचे स्वभाव-कौशल्य तपासावे, पण काम करू शकणाऱ्या कोट्यवधींपैकी फार मोठा हिस्सा बेकार असेल तर उत्तर कुणाच्याही स्वभावात सापडणार नाही. मुंबईतील अभ्यासकेंद्रांवर ही संकल्पना शिकवताना १९८२ च्या गिरणी संपाचे उदाहरण दिले की वर्गाचा नूर बदलतो, कारण त्या संपात उतरलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांपैकी कुणाची तरी मुले-सुना त्या वर्गात हमखास असतात. वडिलांचे व्यसन, आईने घरी आणलेले शिलाईकाम, गावाकडे परतलेले काका, मोठ्या भावाची अर्धवट राहिलेली शाळा, या गोष्टी तोवर त्यांनी आपल्या घराचे दुर्दैव किंवा वडिलांचा दोष म्हणूनच सांभाळलेल्या असतात. त्याच काळात, त्याच वस्तीत, हजारो घरांत हेच घडले होते हे कळल्याने वडिलांचा दोष नाहीसा होत नाही, मात्र त्याचे माप बदलते. याउलट, सगळाच भार व्यवस्थेवर टाकून मोकळे होण्याचा मोहही याच क्षणी सुरू होतो, आणि एकाच चाळीतील दोन संपकरी कुटुंबांची वाट वेगवेगळी का झाली, हा प्रश्न विचारून शिक्षकाला तो आवरावा लागतो.

व्याख्या आणि जीवन यांची खरी झटापट होते ती मात्र कुटुंबाच्या प्रकरणात. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेसंबंधांवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात संयुक्त कुटुंबाची जी व्याख्या केली ती पाठ्यपुस्तकांत सर्वत्र आढळते: एका छपराखाली राहणारे, एका चुलीवर शिजलेले अन्न खाणारे, समाईक मालमत्ता असलेले, समान कुलोपासनेत भाग घेणारे आणि परस्परांशी नात्याने बांधलेले लोक. व्याख्या फळ्यावर लिहून ‘आपले कुटुंब या व्याख्येत बसते का’ असे विचारले की कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्यांकडून ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येते, प्रौढांच्या वर्गात मात्र तंटा सुरू होतो. कोकणातील एखादी विद्यार्थिनी सांगते की थोरला दीर मुंबईत नोकरीला, धाकटा घरी शेती पाहतो, छपरे दोन आणि चुली दोन आहेत, पण सातबाऱ्यावर सगळ्यांची नावे आहेत आणि गणपती आजही गावच्या घरीच येतो. घाटावरची दुसरी म्हणते की त्यांच्याकडे छप्पर एकच आहे, पण सासूच्या डोळ्यांदेखत दोन चुली पेटतात आणि दोन्ही चुलींचा हिशेब स्वतंत्र असतो. तिसरीच्या घरी चूल, छप्पर आणि देव सगळे एक, तरी शिधापत्रिका मात्र तीन, कारण तिन्ही भावांनी धान्याचा कोटा वेगळा मिळावा म्हणून कागदावर वाटण्या दाखवल्या आहेत.

या तिन्ही कुटुंबांना संयुक्त म्हणावे की विभक्त, हा प्रश्न वर्गाला जेव्हा खऱ्या अर्थाने पडतो तेव्हाच पुढचे वाचन रुचते. आय. पी. देसाई यांनी गुजरातमधील महुवा या छोट्या शहराच्या अभ्यासात, जो १९६४ मध्ये ग्रंथरूपाने आला, संयुक्तपणा केवळ एकत्र राहण्यावरून न ठरवता मालमत्ता, उत्पन्न आणि परस्परांविषयीची कर्तव्ये यांवरून ठरवावा, अशी भूमिका घेतली, तर ए. एम. शहा यांनी १९७३ च्या ग्रंथात घर, म्हणजे एकत्र राहणारा आणि जेवणारा गट, आणि कुटुंब, म्हणजे नातेसंबंधांचे जाळे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचा आग्रह धरला आणि भारतात पूर्वी सर्वत्र मोठी संयुक्त घरे होती व आता ती मोडत आहेत या सरधोपट समजुतीला हादरा दिला. जनगणनेची प्रगणक म्हणून काम केलेल्या शिक्षिका अशा वर्गात असल्या तर त्या लगेच सांगतात की जनगणनेत ‘कुटुंब’ मोजताना सामायिक स्वयंपाकघर हीच कसोटी लावली जाते, आणि वेगळी चूल मांडलेल्या सुनेचे घर म्हणूनच स्वतंत्र कुटुंब म्हणून नोंदले जाते. एकाच वाड्यातील माणसे जनगणनेत दोन कुटुंबे, शिधापत्रिकेत तीन, महसुलाच्या दप्तरात एक आणि कुलदैवताच्या जत्रेत पुन्हा एकच ठरतात, हे जिला आपल्या घरावरून समजले तिला ‘मापन हे मापकाच्या हेतूवर अवलंबून असते’ हे संशोधनपद्धतीतील वाक्य पाठ करावे लागत नाही. देसाई आणि शहा यांचे ग्रंथ तिने मुळातून वाचलेले नसतील, वाचण्याची शक्यताही कमीच. पण ते ज्या अडचणीतून निघाले ती अडचण तिच्या घरात आहे.

जातीच्या प्रकरणाचे तसे होत नाही. कुटुंबावर हिरिरीने बोलणारा वर्ग इथे गप्प होतो, आणि या शांततेचा अर्थ अज्ञान असा लावणे चुकीचे ठरते. तालुक्याच्या गावी एकमेकांची आडनावे, आडनावांवरून गल्ल्या आणि गल्ल्यांवरून पाणवठे सर्वांना माहीत असतात. रविवारी संध्याकाळी त्याच लोकांना एकाच एसटीने त्याच गावांकडे परतायचे असते, त्यामुळे वर्गात उच्चारलेले वाक्य वर्गापुरते राहत नाही. अशा वेळी संकल्पनेचा कोरडेपणा उपयोगी पडतो. बाबासाहेब आंबेडकरांनी वयाच्या पंचविसाव्या वर्षी, मे १९१६ मध्ये, कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात वाचलेल्या निबंधात जातीचे सार अंतर्विवाहात, म्हणजे आपल्याच गटात विवाह करण्याच्या बंधनात, असल्याचे प्रतिपादन केले आणि बहिर्विवाह, म्हणजे विशिष्ट नात्याच्या वा कुळाच्या बाहेरच विवाह करण्याचे बंधन, मूळचे असताना त्यावर अंतर्विवाह लादला गेल्याने काय घडले याची कारणमीमांसा केली. या चौकटीतून चर्चा सुरू केली की आरोपाचा सूर टळतो आणि माहिती बाहेर येऊ लागते: कुठल्या समाजात देवक एक असेल तर सोयरीक होत नाही, कुठे पोटजात पाहिली जाते आणि कुठे आता पाहिली जात नाही, मामाच्या मुलीशी लग्न कुणात चालते, आत्याच्या मुलीशी का चालत नाही, आणि महाराष्ट्र हा उत्तरेकडील व दक्षिणेकडील नातेव्यवस्थांच्या मधला प्रदेश आहे असे इरावतीबाईंनी का म्हटले असावे.

प्रौढांच्या वर्गाचा एक विशेष इथे स्पष्ट होतो. तरुण विद्यार्थी आंतरजातीय विवाहाची चर्चा हक्काच्या भाषेत करतात, कारण तो निर्णय त्यांच्या पुढे आहे. मध्यमवयीन पालकांनी मात्र तो निर्णय आपल्या मुलामुलींच्या वतीने बहुधा घेऊन टाकलेला असतो. अंतर्विवाहाची यंत्रणा ज्यांच्या हातून चालते ते हात त्या बाकांवरच असतात. वधूवर मेळाव्याचा अर्ज भरताना पोटजातीचा रकाना आपण का भरला, याचे उत्तर एखादी विद्यार्थिनी ‘सगळेच भरतात, सर’ असे देते तेव्हा ती एमिल डर्कहाइम यांनी १८९५ मध्ये वर्णिलेल्या सामाजिक तथ्याचे, म्हणजे व्यक्तीच्या बाहेर असणाऱ्या आणि तिच्यावर दडपण आणणाऱ्या वर्तनरीतीचे, इतके नेमके उदाहरण देत असते की शिक्षकाला वेगळे उदाहरण शोधावे लागत नाही. मात्र तिला तेथेच थांबू देणे सोयीचे असले तरी योग्य नाही, कारण ‘सगळे’ म्हणजे किती आणि कोण, हा प्रश्न अजून शिल्लक असतो. त्या वर्गातच मुलीच्या मर्जीने जातीबाहेर लग्न लावून दिलेले एखादे आईवडील असतात, आणि ते सहसा शेवटच्या बाकावर काही न बोलता ऐकत असतात.

दारिद्र्याचे प्रकरण अर्थशास्त्राच्या पुस्तकात आकड्यांनी सुरू होते. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातील दारिद्र्यावरील अभ्यासात दररोज दरडोई २,२५० उष्मांक मिळवून देणारा खर्च ही गरजेची किमान पातळी मानली, आणि पुढील काळात दारिद्र्यरेषेच्या वादाला जे खाद्य मिळाले त्यातले बरेचसे पुण्याच्या गोखले संस्थेतून आले. विद्यार्थ्यांना दारिद्र्यरेषा मात्र रंगाने माहीत असते: १ मे १९९९ पासून राज्यात पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची शिधापत्रिका आली, पिवळीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५,००० रुपये ठरली, आणि गावातील कुणाच्या घरी कोणत्या रंगाचे कार्ड असायला हवे होते व कोणत्या रंगाचे आहे, ही माहिती अंगणवाडी सेविकेइतकी कुठल्याही अर्थतज्ज्ञाला नसते. उष्मांक, खर्च आणि जाहीर केलेले उत्पन्न ही एकाच स्थितीची तीन वेगळी मापे आहेत आणि ती एकाच माणसाला तीन वेगळ्या बाजूंना टाकू शकतात, हे तिला पटकन उमगते.

सेविकेविषयी आणखी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण महाराष्ट्रातील प्रौढ विद्यार्थिनींत तिच्याइतकी सामाजिक संशोधनाच्या जवळ असलेली दुसरी व्यक्ती नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली तेव्हापासून गावातील घरोघरीचे सर्वेक्षण, गरोदर स्त्रियांची नोंद, बालकांची वजने आणि मासिक प्रगती अहवाल हे तिचे काम आहे, आणि अलीकडे वह्यांच्या जोडीला मोबाईलवरील पोषण ट्रॅकर आला आहे. वजन-उंचीच्या मापात एखादे मूल ‘मध्यम’ आणि ‘तीव्र’ कुपोषणाच्या सीमेवर आले तर ते ‘सॅम’मध्ये, म्हणजे तीव्र गटात, नोंदवायचे की ‘मॅम’मध्ये, म्हणजे मध्यम गटात, याचे परिणाम तिला ठाऊक असतात: एका नोंदीने मुलाला उपचार मिळण्याची शक्यता वाढते, त्याच नोंदीने वरून विचारणा येते, आणि मुलाच्या आजीला तो घराण्याचा अपमान वाटतो. आकडा जन्माला येताना त्याच्याभोवती किती माणसे उभी असतात, हे जिने पाहिले आहे तिला ‘शासकीय आकडेवारीच्या मर्यादा’ हा घटक वाचताना नवे काही कळत नाही, उलट लेखकाला फार कमी माहीत आहे असे वाटते. परंतु तिचीही एक मर्यादा असते. आपल्या गावातील वीस-पंचवीस मुलांपलीकडे जिल्ह्याचे चित्र कसे तयार होते, आपल्या एका नोंदीतील लहानशी चूक सगळीकडे एकाच दिशेने झाली तर काय होते आणि दोन्ही दिशांनी झाली तर काय, हा नमुनानिवडीचा व त्रुटींचा विचार तिने केलेला नसतो, कारण तिच्याकडून तो कुणी कधी मागितलेला नसतो. जिला शासन वर्षानुवर्षे वेतनाऐवजी मानधन देत आले आणि उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, जिचा हक्क सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये स्पष्ट करावा लागला, तिला श्रमाची आर्थिक व्याख्या शिकवताना शिक्षकाने आवाज थोडा खाली ठेवणेच बरे.

श्रमाच्या त्या व्याख्येला दुसरा धक्का मराठवाड्यातून बसतो. पाठ्यपुस्तकातील श्रमिक ही एक व्यक्ती असते. तिला वेतन मिळते आणि ती आपले श्रम बाजारात विकते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला मात्र श्रमाचे एकक ‘कोयता’ म्हणून माहीत असते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीच्या नावाने घेतली जाते, मजुरी तोडलेल्या उसाच्या टनावर ठरते, आणि हंगाम संपताना उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. या व्यवहारात बाईची मजुरी किती, या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण तिची मजुरी वेगळी कधी मोजलीच जात नाही. यान ब्रेमन यांनी खानदेशातून दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या तोडणी मजुरांवर १९७० च्या दशकात केलेले लेखन वर्गात थोडक्यात सांगितले असता, हे आपल्याकडचेच वर्णन आहे असे विद्यार्थी म्हणतात, आणि नंतर काही फरकही दाखवतात. हा दुसरा भाग अधिक मोलाचा, कारण साम्य भावनेने दिसते आणि फरक दाखवण्यासाठी तपशील लागतो.

पोलीस शिपायाच्या बाबतीत राज्यशास्त्र अशीच सलगी करते. विशिष्ट भूप्रदेशात बळाच्या वैध वापराची मक्तेदारी यशस्वीपणे सांगणारी संघटना म्हणजे राज्यसंस्था, ही माक्स वेबर यांची १९१९ ची व्याख्या वाचताना त्याला आपल्या काठीचा उल्लेख झाल्यासारखे वाटते. ‘वैध’ या शब्दावर तो रेंगाळतो, आणि बंदोबस्तातल्या कुठल्या प्रसंगी ती वैधता पातळ झाली हे तो वर्गात सांगत नाही.

लेखनाचा प्रश्न याहून अवघड आहे. प्रौढ विद्यार्थ्याला लिहिता येत नाही असा सर्वसाधारण समज असला तरी वस्तुस्थिती अशी की त्याला आपल्या कामाचे लेखन उत्तम येते आणि परीक्षेचे लेखन येत नाही. पंचनामा लिहिणारा शिपाई दिशा, अंतरे, वस्तूंची स्थिती आणि उपस्थितांची नावे यांची नोंद इतक्या काटेकोरपणे करतो की क्षेत्रीय निरीक्षणाची टिपणे कशी घ्यावीत हे त्याला शिकवावे लागत नाही. परंतु पंचनाम्यात निष्कर्ष काढायचा नसतो, आणि ही सवय अंगात मुरल्यामुळे ‘कारणे स्पष्ट करा’ या प्रश्नाखाली तो वर्णन करून थांबतो. सेविकेचे लेखन रकान्यांचे असते, कारकुनाचे संदर्भक्रमांकांचे, आणि गृहिणीचे बहुधा कुठलेच नसते, कारण तिने अनेक वर्षांत सामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलेले नसते व तीन तासांच्या परीक्षेत तिची बोटे दीड तासातच आखडतात. या सर्वांसाठी परीक्षेपूर्वी बाजारात गाईड येते, त्यात प्रत्येक प्रश्नाची पाच-पाच मुद्द्यांची उत्तरे असतात, आणि वर्षभर कुटुंबाच्या व्याख्येवर वाद घालणारी विद्यार्थिनी उत्तरपत्रिकेत ‘संयुक्त कुटुंबाचे फायदे व तोटे’ गाईडप्रमाणे लिहून येते. तिला दोष देता येत नाही. तपासणाऱ्यासमोर गठ्ठे असतात, आणि गाईडातील मुद्दे ओळखणे हे तिचा स्वतःचा युक्तिवाद समजून घेण्यापेक्षा सोपे जाते.

आठवणीवर विसंबण्याची सवय हा या अध्ययनातील आणखी एक पेच आहे. म्हैसूर प्रदेशातील एका गावाचा अभ्यास करणारे एम. एन. श्रीनिवास यांची संस्कारित टिपणे एप्रिल १९७० मध्ये स्टॅनफर्ड येथे झालेल्या जाळपोळीत नष्ट झाली, आणि त्यांनी मुख्यतः स्मरणाच्या आधारे लिहिलेला गावाविषयीचा ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला व तो गाजला. ही हकिकत सांगितली की एखादा विद्यार्थी विचारतो, ‘मग सर, आम्ही आठवणीने लिहिले तर काय बिघडले?’ प्रश्न रास्त आहे. श्रीनिवासांच्या स्मरणामागे १९४८ मधील मुक्काम, रोजची नोंद आणि त्या नोंदींवर पुढे अनेक वर्षे केलेले काम होते. जे आठवले ते आधी तपासले गेले होते. गावात जन्म काढलेल्या माणसाची आठवण अधिक खोल असते, पण ती तपासलेली नसते, आणि ज्या गल्लीत तो कधी गेला नाही त्या गल्लीविषयी ती काहीच सांगत नाही.

म्हणूनच वर्गात वारंवार येणाऱ्या ‘सर, आमच्या गावात असे नसते’ या आक्षेपाचे काय करायचे, यावर शिक्षकाचे कौशल्य ठरते. आक्षेप झटकून पुस्तकातील विधान पुन्हा सांगणे आणि ‘तुम्ही म्हणता तेच खरे’ असे म्हणून पुस्तक बाजूला ठेवणे हे दोन्ही मार्ग रूढ आहेत आणि दोन्ही आळशी आहेत. तिसरा मार्ग वेळखाऊ: आक्षेप घेणाऱ्याने पुढच्या रविवारी आपल्या आळीतील दहा घरे, शक्य तर आळीबाहेरचीही पाच, एकाच प्रश्नासाठी विचारून यावीत, आणि वर्गाने ती उत्तरे फळ्यावर मांडावीत. शाळा सोडलेल्या मुलींची वये, चुलींची आणि सातबाऱ्यावरील नावांची संख्या, मागील हंगामाची उचल, वाटणीत बहिणींनी सोडलेले हक्क, असे विषय यासाठी सोयीचे ठरतात. बहिणींच्या हक्कसोडीचा प्रश्न घेऊन गेलेल्या विद्यार्थिनी बहुतेक वेळा पुस्तकातील विधानाला दुजोरा देणारी उत्तरे आणतात, मात्र एका गोष्टीने चकित होऊन परततात: ज्या घरांत आपण वर्षानुवर्षे हळदीकुंकवाला जातो तिथे हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. त्यांतल्या काहींनी स्वतःही तलाठ्यासमोर सही करून माहेरच्या जमिनीवरील हक्क सोडलेला असतो, आणि आपले घर या पंधरांत मोजायचे की नाही, असे त्या विचारतात. मोजावे, पण नाव न लिहिता, असे उत्तर दिले जाते.

अशा पाहणीचे कागद परीक्षेच्या चौकटीबाहेरचे असल्याने त्यांना गुण नसतात आणि त्यांचे पुढे काय करायचे हेही ठरलेले नसते. काही विद्यार्थी ते घरी नेतात, काही बाकावरच विसरतात. वर्षांमागून वर्षे एकाच तालुक्यातील पन्नास-साठ गावांविषयी, त्या गावांत राहणाऱ्यांनीच गोळा केलेली ही माहिती तारीख आणि गाव एवढे लिहून केंद्राच्या कपाटात एकत्र ठेवली, तर पुढच्या तुकडीला आपल्या गावाची जुनी उत्तरे नव्या उत्तरांशी ताडून पाहता येतील आणि बदल हा शब्द पुस्तकाबाहेर वापरता येईल. यासाठी लागतो तो एक फायलींचा खण आणि किल्ली सांभाळणारा शिपाई. तूर्त त्या कपाटात मागील वर्षांचे हजेरीपट आणि न वाटलेली पुस्तके आहेत.